दीनाआक्काचं पातेलं

माझ्या थोरल्या जावेला साठ माणसांच्या खाली स्वयंपाक करता येत नाही. दोष तिचा नाही, बोर्डिंगचा आहे. नगरच्या एका मिशन बोर्डिंगात मुलींना रांधून घालण्यात तिची उभी हयात गेली. मीठ ती मुठीनं टाकते, तिखट वाटीनं, आणि ‘जरासं पाणी आण गं’ म्हणाली की बादली उचलायची असते. बोर्डिंग बंद झालं तेव्हा निरोपाला तिला शाल दिली. तिनं शाल तिथंच कुणाला तरी देऊन टाकली आणि तिच्याऐवजी एक पातेलं मागून घेतलं. ते घेऊन ती एसटीनं आमच्या वस्तीवर आली. म्हणजे पातेलं सीटवर बसून आलं, आणि आक्का शेजारी दांड्याला धरून उभी राहून आली.

माझं नाव एस्तेर. माझे मालक जस्टिन टेम्पो चालवतात, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून म्हशी गावोगाव पोचवतात. थोरले दीर त्याच बोर्डिंगात वॉचमन होते, ते लवकर प्रभूघरी गेले. लेकरूबाळ नाही, म्हणून दीनाआक्का आमच्याच अंगणातल्या पलीकडच्या खोलीत राहायला आली. आल्या दिवशी तिघांपुरतं म्हणून तिनं पिठलं केलं. रविवारी केलेलं ते पिठलं आम्ही मंगळवारपर्यंत खाल्लं आणि उरलेलं कोंबड्यांना घातलं. कोंबड्यांनीही शेवटी मान फिरवली.

आक्का त्या बोर्डिंगातच वाढली होती. कोण कुठली, कुणी आणून सोडली, तिला काही ठाऊक नाही. दीना हे नावही तिथल्या बाईंनी ठेवलेलं. सुट्टी लागली की बाकीच्या मुली पत्र्याच्या ट्रंका उचलून घरी जायच्या आणि ही स्वयंपाकघरात जाऊन बसायची. त्यामुळं संसाराच्या रीतीभाती ती म्हाताऱ्या स्वयंपाकिणींच्या तोंडून ऐकून शिकली, आणि ऐकून शिकलेलं माणूस रीत फार कडक पाळतं. त्यातली तिची सगळ्यात कडक रीत म्हणजे कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. आता ही रीत आमच्याकडं सगळेच पाळतात, हिंदू काय नि ख्रिस्ती काय. आपण चिमूटभर साखर टाकतो, चार शेंगा टाकतो, झालं. आक्का काठोकाठ भरते.

काही वर्षांपूर्वी एकदा माझ्या माहेराहून, शेवगावाहून, भाऊ डबा घेऊन आला. जाताना मी त्याचा डबा धुऊन तसाच त्याच्या हातात दिला. आक्का दचकलीच.

“अगं, रिकामा?”

“माहेरचं भांडं आहे, आक्का,” मी म्हणाले. “माहेरच्या भांड्याला कोण बघतं!”

 पण भावानं मोटारसायकलला किक मारेपर्यंत ती आत जाऊन आली आणि डब्यात गुळाची ढेप कोंबून मोकळी झाली. मला असा राग आला! माहेर माझं, भाऊ माझा आणि शहाणपण हिचं.

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या पडवीत गटसभा भरते. पाच घरची माणसं, एक पेटी, तिच्या दोन पट्ट्या मुक्या. गटाचे पुढारी अँड्र्यू सर. ते शाळेत पीटी शिकवायचे. सर रिटायर झाले, त्यांची शिट्टी झाली नाही. प्रार्थनेला डोळे मिटायचे तरी शिट्टी आणि उघडायचे तरी शिट्टी, असं चाललं होतं, ते मी भांडून बंद करवलं.

दिवाळीच्या सुमारास आमच्या चर्चचे पाळकसाहेब कुठल्याशा शिबिराहून नवं खूळ घेऊन आले. प्रत्येक गटानं शेजारचं एक घर निवडायचं आणि त्याची सेवा करायची. पत्रकं वाटायची नाहीत, सभेला या म्हणायचं नाही, परत कशाची अपेक्षा ठेवायची नाही. नुसती सेवा. “नाताळनंतर मी येऊन एकच विचारणार,” पाळकसाहेब म्हणाले, “शेजाऱ्यापर्यंत पोचलात का?”

“त्यात काय पोचायचंय?” मी म्हणाले. “मध्ये तारेचं कुंपण आहे. लुगडं सावरून पाय टाकला की पोचलो.”

कुणी हसलं नाही. सेवेच्या गोष्टीत आमची माणसं फार गंभीर असतात.

घर शोधायला लांब जावं लागलंच नाही. कुंपणापलीकडं राधाकृष्णभाऊ राहतात. बाजारात म्हशींचे सौदे जमवून देणारे हेडी. म्हशीचा स्वभाव डोळ्यात बघून ओळखतात अशी त्यांची ख्याती. त्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाला “लई गरीब हाय, लेकरू हाय लेकरू” असं पटवून देत असताना ती म्हैस त्यांच्या पायावर बसली, आणि गिऱ्हाईक पळून गेलं तरी उठली नाही. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घालून भाऊ खाटेवर पडले. मुलगा करण पुण्याला कंपनीत, त्याला सुट्टी नाही. घरचा गोठाभर म्हशींचा पसारा, शेणघाण, धारा, वैरण आणि वर खाटेवरचा नवरा, सगळं एकट्या चांगुणाबाईवर आलं. बाई अशी मानी की कुणाकडून दोरीचा तुकडा घेतला तरी संध्याकाळी तो जास्त लांब करून परत देईल. तिची ओढाताण मी कुंपणावरून रोज बघत होते आणि मला खरंच वाईट वाटत होतं. म्हणून मीच तिचं नाव सुचवलं. हे सगळं सुरू केलं ते मी, हे आता नाकारून उपयोग नाही.

पहिल्या दिवशी आक्कानं मसालेभात केला. दोन माणसांसाठी. जस्टिननं आणि मी दोन बाजूंनी कडं धरून पातेलं कुंपणावरून उचललं.

“कशाला वं दीनाबाई येवढं?” चांगुणाबाई म्हणाली.

“शेजारधर्म,” आक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पातेलं परत आलं, दुधानं भरून. आता बघा, आमच्या पातेल्यात चिमूटभर साखर टाकली असती तर ती दिसलीही नसती. एवढ्या मोठ्या भांड्यात थोडंसं काही टाकून देणं म्हणजे उलट दाखवून देणं. त्या बाईनं सकाळची सगळी धार डेअरीला न घालता पातेल्यात ओतली होती.

आक्का हरखली. तिनं त्या दुधाची खीर केली, पातेलंभर, आणि पाठवली. पातेलं आलं ते भुईमुगाच्या शेंगांनी शीग लावून. आक्कानं शेंगांची चटणी कुटली, लाडू वळले. पातेलं आलं ते चिकाच्या खरवसानं थरथरत. शिवाय शेंगा शिगेवरून सांडतील म्हणून चांगुणाबाईनं वर आपलं ताट झाकण ठेवलं होतं, आणि खरवसाबरोबर लोणचं घालून आपली बरणी. म्हणजे आता तिची भांडी आमच्याकडं! ती रिकामी कशी द्यायची? पंधरवड्यात दोन्ही घरांतली निम्मी भांडी परघरी नांदायला गेली. मला चहा गाळायचा असला तर मी चांगुणाबाईकडं जायची, कारण माझी गाळणी तिच्या फोडणीच्या कढईबरोबर गेली होती.

“हे बरोबर नाही,” अँड्र्यू सर बुधवारी म्हणाले. “आपण देतोय आणि तितकंच घेतोय. ही सेवा झाली नाही, ही अदलाबदल झाली. आता अंगमेहनतीची सेवा करू.”

शनिवारी सकाळी आम्ही दहाजण गोठा साफ करायला गेलो. सरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि सवयीनं शिट्टी फुंकली. बाकीच्या म्हशींनी नुसते कान टवकारले, पण राधाकृष्णभाऊंच्या पायावर बसलेली ती गरीब म्हैस दावं तोडून थेट नगर-संभाजीनगर रस्त्याला लागली. जस्टिन टेम्पो घेऊन मागं. भाऊ खाटेवरून ओरडून सांगत होते, “तिला आडवू नका, तिची तारीफ करा! तारीफ केली की उभी ऱ्हाती!” माझा नवरा भर हायवेवर म्हशीचं कौतुक करत उभा असलेला शेवगावच्या एसटीतल्या लोकांनी पाहिला, आणि त्यात माझी मावशी होती.

गोठा मात्र लख्ख झाला. आणि आम्ही हात धुऊन बघतो तर पडवीत पानं मांडलेली. दारात माणसं राबली आणि उपाशी गेली, असं चांगुणाबाईच्या घरात कसं होईल? भाकरी, शेंगोळे, ठेचा, वर दही. दहाजणांचं. ती बाई आमच्यासाठी पहाटेपासून चुलीपुढं होती. सेवा करून आम्ही तट्ट जेवून घरी आलो, आणि ती भांड्यांचा ढीग घासायला बसली.

पुढच्या शनिवारी सरांनी उपाय काढला. “जाताच सांगायचं, आज आमचा उपास आहे.” आमचा उपास म्हणजे पोटात पाणी, बाकी काही नाही. त्यामुळं युक्ती कुणाला वाईट वाटली नाही. आम्ही सांगितलं. चांगुणाबाईचा चेहरा उजळला.

“आदी सांगायचं ना मग!” असं म्हणून ती आत गेली. तासाभरानं साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी. पहाटे रांधलेलं होतंच, एका जेवणाची दोन जेवणं झाली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं मी म्हणाले, तर सर म्हणाले, गटसभेच्या माणसानं ही म्हण वापरू नये. मी म्हणाले, दुसरी सांगा. त्यांना आठवली नाही.

इकडं राधाकृष्णभाऊ वेगळ्याच घोरात. आयुष्यभर सौदे केलेला माणूस. लोक फुकट शेण काढतात, फुकट खीर धाडतात, यात सौदा काय आहे तेच त्यांना कळेना. एक दिवस त्यांनी अँड्र्यू सरांना खाटेजवळ बोलावलं, हातावर उपरणं टाकलं आणि खालून हात पुढं केला. हेडी लोक भाव असाच करतात, रुमालाखाली बोटं दाबून, म्हणजे चारचौघांत आकडा फुटत नाही. सरांना हे ठाऊक नाही. त्यांना वाटलं, आजारी माणूस धीर मागतोय. त्यांनी प्रेमानं सगळा पंजा घट्ट दाबला आणि बराच वेळ सोडलाच नाही. सगळी बोटं म्हणजे केवढी मोठी मागणी, असं समजून भाऊ पांढरे पडले.

नाताळ आला. आक्कानं पातेलं करंज्या, शंकरपाळे, अनारसे आणि केक यांनी भरलं, झाकण बसेना म्हणून वर फडकं बांधलं. ‘नाताळचं आहे, याची परतफेड नसते,’ असं तिनं स्वतः जाऊन बजावलं.

दुसऱ्या दिवशी पातेलं आलं. आत फक्त एक दोरी होती. दोरीचं एक टोक पातेल्यात, आणि दुसऱ्या टोकाला वगार, म्हणजे म्हशीचं जिवंत, काळंभोर, मादी रेडकू.

“ह्ये घ्या,” चांगुणाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं आणि ती दारचौकटीला टेकून बोलत होती. “आमचे मालक म्हनले, ह्या मानसांचं समदं येकदाच फेडून टाक. आता फिटलं ना, दीनाबाई?”

मला वाटतं तिथंच सगळं थांबलं असतं. पण आक्काला झोप येईना. खाल्ल्या करंज्यांवर वगार! नाकापेक्षा मोती जड. गटाची खास बैठक झाली. वगारीला तोलून काय द्यायचं? कुणी शिलाई मशीन म्हणालं, कुणी पेटी म्हणालं. जस्टिन म्हणाले, “मलाच द्या, मी तिकडं जास्त जेवतोय.” सरांनी पाळकसाहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, मला शिबिरात जनावरांबद्दल काही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात वगारीनं आपला निकाल दिला. ती दर संध्याकाळी कुंपणाखालून आईकडं पळायची, आणि दिलेली वस्तू परत ठेवून घेणं चांगुणाबाईच्या रीतीत बसत नसल्यामुळं ती दर पहाटे तिला ओढत आमच्याकडं आणून बांधायची. आधीच्या कामात आणखी एक काम. मी आक्काला म्हणाले, “आक्का, ती बाई वाळली गं. पुरे आता.” आक्का म्हणाली, “वाळली म्हणूनच तर.” आणि तिनं पातेलंभर गाजर हलवा केला. हलवा गेला. पातेलं पलीकडं राहिलं.

बुधवारी सकाळी वगार आलीच नाही. पलीकडच्या म्हशी धारेवाचून हंबरत होत्या, आणि राधाकृष्णभाऊंच्या हाका ऐकू येत होत्या, “आगं ए! आगं कुनी या रं!”

आक्का साठीच्या पुढची. मी तिला आयुष्यात धावताना पाहिलं नव्हतं. तिनं ते कुंपण कसं ओलांडलं, तार तिच्या पोटरीला किती लागली, तिला कळलंही नाही. चांगुणाबाई चुलीपुढं आडवी पडली होती. शेजारी पुरणाचा घमेलंभर गोळा, परातीत कणीक, आणि आमचं पातेलं उघडं, तळाशी थोड्याशा पोळ्या. मला वाटलं, मारली आपण ही बाई. चांगलं वागून वागून मारली.

आक्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी मारलं. मी धावत जाऊन सगळ्यांना हाका मारल्या. सरांनी या वेळी शिट्टी काढली नाही, मुकाट्यानं चपला काढून म्हशींकडं गेले. पाळकसाहेब नेमके त्या दिवशी यायचेच होते, ते सरांच्या फोनवर लवकर निघाले आणि वाटेत घोडेगावातून डॉक्टरला गाडीत घालून घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, बाई दमली आहे, झोप नाही, वेळेवर खाणं नाही. ऐकून मला बरं वाटलं आणि मग जास्तच लाज वाटली. साठ माणसांचं अन्न रोज कुंपणावरून येत-जात होतं, आणि ती बाई उपाशी होती.

चांगुणाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसली. समोर फळीवर आमची भांडी ओळीनं मांडली होती. डबे, वाट्या, तांब्या, गाळणी. भरायची राहिलेली सगळी. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि तिला रडू फुटलं.

“दीनाबाई, तुमी लई चांगली मानसं हाय,” ती हात जोडून म्हणाली. “पन आता माझ्याच्यानं हुत न्हाई. माझ्यावर दया करा, चांगलं वागू नका.”

भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली होती आमच्या सेवेची.  आक्का खाली मान घालून बसली. मग हळूच म्हणाली, “चूक माझी आहे. पातेलं रिकामं दे. मी घेऊन जाते.”

“रिकामं?” चांगुणाबाई रडायची थांबली. “परक्याचं भांडं माझ्या दारातून रिकामं जाईल? मंग गाव काय म्हनंल?”

आक्कानं पातेल्याकडं नेलेला हात मागं घेतला. परक्याचं, हा शब्द तिला नवा नव्हता. तो तिनं जन्मभर ऐकलेला.

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून राधाकृष्णभाऊ कडाडले. “आगं, तुझ्या थोरल्या भनीचा कुकर तीन वर्सं आपल्याकडं पडलाय. त्यो धाडलास का भरून?”

“त्यो कशाला भरायचा? सख्खी भन हाय ती!”

“मंग ही कोन हाय?” भाऊ म्हणाले. “तुझी सख्खी भन माझा पाय मोडल्याव येकदा फोन करून ऱ्हायली. ही बाई रगताळलेल्या पायानं तुझं डोस्कं मांडीवर घिऊन बसलीय. म्या जल्मभर सौदे केले, चांगुने. ह्यांच्यात सौदा न्हाई. म्या लई हुडकला, न्हाईच.”

चांगुणाबाईनं आक्काच्या पोटरीकडं बघितलं. तारेनं फाटलेलं लुगडं, सुकलेलं रक्त. मग ती उठली. आक्का ‘बस गं, बस’ म्हणत होती, तिनं ऐकलं नाही. पातेल्यातल्या पोळ्या काढून तिनं आपल्या ताटात ठेवल्या. पातेलं विसळलं, पदरानं कोरडं केलं, आणि दोन्ही हातांनी आक्कापुढं धरलं. आत काहीसुद्धा नव्हतं. साखरेचा कणही नव्हता.

“घे, आक्का,” ती म्हणाली. पहिल्यांदाच आक्का म्हणाली. “आन दुपारी जेवायला ये. तू काय बी आनू नको.”

आक्कानं पातेलं घेतलं. 

कुंपणापाशी सगळा गट उभा होता, पाळकसाहेबही होते. अँड्र्यू सरांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. मग साहेबांनी पाहिलं. सरांचा चेहरा पडला.

“रिकामं दिलं?” ते म्हणाले. “म्हणजे फार मन दुखावलं त्यांचं. आता नाही पोचत आपण त्यांच्यापर्यंत. संपलं.”

आक्कानं पातेलं पोटाशी धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“माहेरचं भांडं आहे, सर,” ती म्हणाली. “माहेरच्या भांड्याला कोण बघतं!”

ते वाक्य माझं होतं. मी रागाच्या भरात बोलून विसरूनही गेले होते. तिनं ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.